बाजाराच्या वेशीतली केळ

थुंगसाय, जुना बाजार
४ जुलै, बुद्ध संवत २५६६

माननीय नगराध्यक्षा वन्नविसा यांस,

मी साम्ली, राहणार जुना बाजार, धंदा नारळाच्या आप्प्यांचा, असा अर्ज करते की बाजाराच्या वेशीसमोर रस्त्याला मोठा खड्डा पडला आहे. तो बुजवावा, ही विनंती.

एवढंच लिहून सही करायची होती. पण कागद बराच कोरा उरला, आणि कोरा कागद मला बघवत नाही.

उंग, ताईचा फोन तू उचलत नाहीस. कचेरीत आले तर तुझी ती चष्मेवाली पोरगी म्हणते, "मॅडम बैठकीत आहेत." मी विचारलं, "मागच्या खेपेलाही बैठकीतच होत्या. उठल्या की नाही मधे?" तर हसली बिचारी, आणि मला पाण्याचा पेला दिला. म्हणून आता पेटी. रोज सकाळी राष्ट्रगीत झालं की तुझा खांबावरचा भोंगा सांगतो, तक्रारपेटीतल्या प्रत्येक कागदाला नगरपालिका उत्तर देते. बहिणीला द्यायचं नसेल तर नको देऊस, पण नागरिकाला तुला द्यावं लागेल.

तर खड्डा. नूडलवाली नुआन तुला आठवते. तुझ्या वर्गात होती, गणितात तुझं बघून लिहायची. काल पहाटे ती गाडी ढकलत बाजारात येत होती. खड्ड्यात पाणी साचलेलं, खोली कळली नाही. चाक आत गेलं, गाडी कलंडली आणि पातेल्यातलं उकळतं सूप तिच्या पायावर. गुडघ्यापासून खाली कातडी सोलवटली गं. मी आप्पे उलटत होते, तशीच उलथणं हातात घेऊन धावले. आम्ही तिच्या पायावर पाणी ओतत होतो आणि नेमका त्याच वेळी भोंगा सुरू झाला: "थुंगसायचे रस्ते, थुंगसायची शान." बाजारातल्या काहीजणांना हसू आलं. नुआनला नाही आलं.

खड्ड्याशेजारी तुझा फलक आहे. "रस्ता सुधारणा लवकरच. गैरसोयीबद्दल क्षमस्व." तू हात जोडून उभी. फलकाला इतकं ऊन लागलंय की तुझा चेहरा निळा पडलाय. मी येता-जाता बघते. आजारी दिसतेस. निदान फोटो तरी बदल.

मला माहीत आहे, तू म्हणशील, माझं पोस्टर आपल्या गाड्यावर लावायला ताई तयार झाली नाही आणि आता आली हक्क सांगायला. माझा गाडा सगळ्यांचा आहे. त्या दुसऱ्या उमेदवाराचंही मी लावलं नव्हतं. तू मात्र आख्ख्या बाजारासमोर म्हणालीस, "माझी ताईच माझी नाही," आणि गाडीत बसून गेलीस, ती अजून उतरली नाहीस. मत मी कुणाला दिलं, ते पेटीला ठाऊक.

खड्डा बुजव.

अर्जदार,
साम्ली

*

२१ जुलै

माननीय नगराध्यक्षा,

उत्तर मिळालं. "आपली तक्रार प्राप्त झाली असून उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे." शिक्का छान उठलाय. नुआनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, हे पायाला लावू का?"

आता एक नवी बातमी. भोंग्यावर येणार नाही, म्हणून मीच कळवते. त्या खड्ड्यात कुणीतरी केळीचं झाड लावलंय. रोप नव्हे, चांगली पुरुषभर उंच केळ. खड्ड्यात माती भरली, बाजूला दगड लावले, सगळं नीट. कुणी केलं कळायला मार्ग नाही. आपल्या मुलखात खड्डा बुजला नाही की लोक त्यात भात लावतात, मासे सोडतात, केळ लावतात, हे तुला मी सांगायला नको. कुणीही असेल. पण जो कोणी असेल तो कष्टाळू दिसतो. हुशारही दिसतो.

रिक्षावाले लांबून बघून बाजूने जातात, त्यामुळे निदान कुणी खड्ड्यात पडत तरी नाही.

तुझा इंजिनियर प्रदित आला होता, दोन माणसं आणि कुदळ घेऊन. चांगला पोरगा आहे. टोपी काढून बोलतो.

"मावशी, ही केळ काढावी लागेल."

"काढ की. आणि खड्डा?"

तो डोकं खाजवायला लागला. "मावशी, हा खड्डा आपला नाही. म्हणजे अर्धा आपला. वेशीपर्यंतचा रस्ता नगरपालिकेचा, पुढचा प्रांताच्या रस्ते खात्याचा. रेषा बरोब्बर इथून जाते." त्याने हवेत हात फिरवून रेषा दाखवली. "त्यांच्या अर्ध्यावर आपण खर्च केला, तर हिशेब तपासणारे येतात आणि नगराध्यक्षांच्या खिशातून वसूल करतात. त्यांना लिहिलंय. ते म्हणतात, वेश तुमची, खड्डा तुमचा."

"नुआनचा पाय कुठल्या अर्ध्यात भाजला?"

त्याने टोपी हातातल्या हातात फिरवली.

"बरं, केळ कुठल्या अर्ध्यात आहे?"

त्याने वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं. लावणाऱ्याने ती अशी लावलीय की बुंधा बरोब्बर रेषेवर. बाजारातल्या बाया आता जवळ सरकल्या होत्या. सुकट विकणारी म्हणाली, "अरे, प्रांताची अर्धी केळ उपटशील तर तुलाही भरून द्यावी लागेल हां." प्रदितने टोपी घातली आणि कुदळवाल्यांना म्हणाला, "चला, आधी विचारून येऊ." जाताना माझ्याकडून आप्पे घेतले. पैसे मी घेतले नाहीत. बिचारा दोन खात्यांच्या मधे उभा आहे, केळीसारखाच.

तर खिशाची अडचण आहे, हे आता कळलं. पण तू स्वतः का सांगितलं नाहीस? एक फोन. "ताई, माझे हात बांधलेत." मी ऐकलं असतं. ऐकून घेतलं नसतं, पण ऐकलं असतं.

प्रांताकडे लिहीत बसू नकोस. जाऊन त्यांच्या दारात बस. लहानपणी आईने जत्रेला नेलं नाही तर कशी गाल फुगवून उंबऱ्यात बसायचीस, पाऊस आला तरी हलायची नाहीस! बेडकी म्हणून उंग नाव पडलं ते त्यावरूनच. ते गाल कुठे गेले? का तेही फलकावर उन्हात ठेवलेस?

अर्जदार,
साम्ली

*

१८ ऑगस्ट

उंग,

आज वर माननीय वगैरे लिहीत नाही. तू परवा गाडी थांबवलीस, काळी काच खाली केलीस आणि मला "ताई" म्हणालीस. दोन वर्षांनी. त्यानंतर मला माननीय लिहिणं जमत नाही.

बाकी बोललीस काय, तर केळीबद्दल.

"ही आईच्या परसातली केळ आहे."

मी म्हटलं, "केळी सगळ्या सारख्याच दिसतात."

"हिच्या पानाच्या देठाला तांबडी कड आहे. मी ओळखत नाही होय?"

"केळ ओळखतेस ना? मग तिच्या बुडाचा खड्डाही ओळख."

काच वर गेली. बाजार बघत होता, म्हणून मी आप्पेपात्रावरचं झाकण उगाच पुसत बसले. पण उंग, ओळखलीस. मला बरं वाटलं. मला वाटलं होतं, आईचं परस तू विसरली असशील.

हो, मीच लावली. सुकटवालीने माती वाहिली, तिच्या जावयाने हातगाडी दिली, पण कल्पना माझी आणि केळ माझी. आता हे पेटीत टाकते आहे म्हणजे कबुलीच झाली. पकडायचं असेल तर पकड. मात्र मला न्यायला येशील तेव्हा गाडी वेशीतूनच येईल, सांभाळून ये.

दुसरी बातमी वाईट आहे. काल दुपारी वाळूचा ट्रक मागे घेताना केळीवर गेला. शेंडा पार मोडला, पानं सगळी भुईला. ट्रकवाला उतरला, हात जोडले, म्हणाला, "आजी, रस्त्याच्या मधे झाड असेल असं वाटलं नाही." मी म्हटलं, "बाबा, रस्त्याच्या मधे रस्ता नसेल असं नुआनलाही वाटलं नव्हतं."

लोक म्हणाले, आता गेली, उपटून टाका. मी वरचा चिंधडलेला भाग कापून साफ केला आणि बुंधा तसाच ठेवला. तुझा भोंगा त्या वेळी स्वच्छता सप्ताहाचं गाणं वाजवत होता.

तुला दिसली तशी आता ती नाही. थोटकी झालीय. पण उभी आहे.

ताई

*

२० सप्टेंबर

उंग,

काय लिहू आणि काय नको असं झालंय.

थोटक्या केळीला केळफूल आलं. वरून नाही. वरचा रस्ता ट्रकने मोडला, तर बुंध्याच्या मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर साल फाडून बाहेर आलं. लालजांभळं, मुठीएवढं, तोंड पुढे काढून. मी सकाळी बघितलं आणि मोठ्याने हसले. म्हटलं, शाबास. कुणी अडवलं तर अशी ये.

पण मी हसत होते तेवढ्यात माझ्यामागे सुकटवाली गुडघ्यांवर बसली. "ताई, देवी आहे." मी म्हटलं, "अगं, आईच्या परसातली आहे, शेंडा मोडला की असं होतं कधीकधी." पण ऐकतंय कोण! दुपारपर्यंत बुंध्याला रंगीत कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी कुणी रेशमी वस्त्र नेसवलं. लाल सरबताच्या बाटल्या, प्रत्येकीत नळी घातलेली, कारण देवीला बाटलीला तोंड लावायला आवडत नाही म्हणे. मग पावडर चोळून सालीवर लॉटरीचे आकडे बघणं सुरू झालं. सोडतीच्या आदल्या दिवशी वेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या प्रांतातून गाड्या भरून माणसं आली.

आणि सोळा तारखेला लॉटरी कुणाला लागली? नुआनला!

तिचे शेवटचे दोन आकडे लागले. मोठं काही नाही, पण नवी गाडी घेण्याइतकं. मला आनंदच झाला, मी तिला मिठी मारली. मग म्हटलं, "चला, आता प्रदितच्या मागे लागू, खड्डा बुजवून घेऊ." तर नुआन मागे सरकली.

"खड्डा बुजवायचा? आणि देवी कुठे जाईल?"

"नुआन, तुझा पाय!"

"पाय बरा झाला ना ताई. देवीनेच भाजला असेल. मला बोलवायचं होतं तिला."

"अगं, मी स्वतः कुदळीने लावलीय ती!"

"तुझ्या हातून करवून घेतलं," ती म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली. आता नुआन रोज पहाटे उदबत्ती लावते. नवी गाडी खड्ड्यातून जात नाही म्हणून विहाराच्या अंगणातून वळसा घालून नेते, पण कुरकुर नाही.

मोठे भन्ते प्रवचनात म्हणाले की आकडे झाडात नसतात, हव्यासात असतात. सगळ्यांनी हात जोडून ऐकलं आणि तिथूनच थेट केळीकडे गेले.

हे लोकांचं झालं. तुझं काय? आज सकाळी भोंग्यावर ऐकलं: "केळीमातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांनी वाहनं शाळेच्या मैदानात लावावीत. नगराध्यक्षांतर्फे हार्दिक स्वागत." आणि तुझा निळा पडलेला फलक उतरवून नवा लावलाय. त्यात तू केळीच्या शेजारी हात जोडून उभी. चेहरा आता गुलाबी आहे.

उंग, मी तुझ्यावर चिडून केळ लावली होती, तर तू माझ्या रागाचीच जत्रा केलीस! खड्डा बुजवता येईना, तर त्यालाच देऊळ केलंस. रस्ते खातं खूष, तुझी कचेरी खूष, सरबतवाला खूष. प्रदित मात्र मला बघून मान खाली घालतो.

माझी केळ देवी नाही. ती तक्रार आहे. तिला हार घालून गप्प बसवू नकोस.

ताई

*

२९ ऑक्टोबर

उंग,

हे पेटीत टाकत नाही, तुझ्या चष्मेवालीच्या हातात देते. तिला सांगितलंय, बैठकीत असलीस तर टेबलाखालून दे.

परवा प्रदित धावत आला होता. मी त्याला इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "मावशी, झालं! प्रांताने वेशीचा तुकडा आपल्याकडे दिला. कागद आला." मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम स्वतः जाऊन बसल्या होत्या. साहेब भेटत नव्हते तर बाहेरच्या बाकावर. सकाळपासून, कुणी किती सांगितलं तरी उठल्या नाहीत."

आत जाऊन पीठ ढवळत राहिले. गाल फुगवून बसली असशील ना? मला डोळ्यांसमोर दिसलीस.

पण मग काल रोलर आला, डांबर आलं, आणि काय झालं ते तूही पाहिलंस. नुआन रोलरच्या पुढे बसली, तिच्यामागे अर्धा बाजार. "देवीला हात लावाल तर बघा!" तू कचेरीच्या पायऱ्यांवर आलीस, बघितलंस, फोन कानाला लावलास आणि म्हणालीस, "लोकभावनेचा आदर करू." रोलर मागे गेला.

प्रदित सांगतो, उद्या दुपारी रोलर पुढच्या गावाला जाणार, मग पावसाळ्यानंतरची सगळी कामं, आपली पाळी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. तू प्रांताच्या बाकावर बसून मिळवलेलं तुझ्याच पायऱ्यांवर सोडून दिलंस. का, ते मला कळतं. पुढच्या निवडणुकीला हीच माणसं रांगेत असतील.

पण हेही ऐक. गेल्या आठवड्यात प्लुएंगआजोबांना छातीत कळ आली. रुग्णवाहिका वेशीपर्यंत आली आणि उदबत्त्यांच्या गर्दीत अडकली. शेवटी आम्ही त्यांना झोळीत घालून, सरबताच्या बाटल्या लाथाडत पलीकडे नेलं. वाचले ते. डॉक्टर म्हणाला, अजून जरा उशीर झाला असता तर नसते वाचले. त्यांच्या सुनेने परत येऊन बाटल्या पुन्हा नीट रचल्या, क्षमा मागत. कुणाची? केळीची!

हे मी सुरू केलं, तर मीच संपवते. उद्या सकाळी राष्ट्रगीत झालं की मी माझी केळ कापणार. बाजार अंगावर आला तर येऊ दे. तुझं पोस्टर लावलं नाही तेव्हाही आख्खा बाजार माझ्याशी बोलत नव्हता. मला सवय आहे.

यायचं असेल तर ये. नाही आलीस तर पायऱ्यांवर उभी राहून आदर तरी करू नकोस.

ताई

*

२५ नोव्हेंबर

उंग,

त्या दिवशी तू उशिरा आलीस, म्हणून तू यायच्या आधीचं लिहिते. तुझ्या कानावर कोण काय घालेल सांगता येत नाही.

मी कोयता घेऊन वेशीत गेले तर गर्दी आधीच जमलेली. बातमी कशी फुटली? तुझी चष्मेवाली वाचते सगळं, मला संशय आहे. नुआन बुंध्याला मिठी मारून उभी. म्हणाली, "ताई, तुझ्या पाया पडते. परवा सोडत आहे. एवढी सोडत होऊ दे!"

"मग पुढची येईल. दर पंधरवड्याला येते ती मेली."

मागून कुणी ओरडलं, "देवी कोपेल!"

"कोपू दे. माझ्या परसातली आहे, माझ्यावर कोपेल. तू तुझी काळजी कर."

"सोळा तारखेला कुणाला काही लागलं नाही," सुकटवाली म्हणाली, "आधीच रुसलीय ती."

"रुसेल नाही तर काय! मुळात बाईला रस्त्यात उभी केलीय, वरून ट्रक, खालून डांबराची दुर्गंधी, आणि रोज थंड लाल सरबत. मी असते तर मीही रुसले असते."

काहीजण हसले. पण नुआन हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं गं, खोटं नव्हतं ते. तेव्हा मी कोयता खाली ठेवला आणि तिच्याशेजारी दगडावर बसले. म्हटलं, "नुआन, तुमच्या परसात केळ आहे?"

"होती."

"घड धरला की तुझी आई काय करायची?"

तिने तोंड बुंध्यात लपवलं.

"सांग की. सगळ्यांना सांग."

"कापायची," नुआन हळूच म्हणाली. "कापायची आणि बुडाचे मुनवे उपटून लावायची."

"का?"

"जुनी उभी राहिली तर मुनवे वाढत नाहीत."

"हिने घड धरलाय, बघ. दोन फण्या का होईना, धरलाय. आणि बुडाशी बघ." मी रेशमी वस्त्र वर केलं. लोक वाकले. वस्त्राखाली, सरबताच्या बाटल्यांच्या मधे, हिरवे कोंभ ताठ उभे होते. महिनाभर पूजा चाललीय, पण खाली कुणी बघितलंच नव्हतं. "देवीला तुम्ही कापडात गुंडाळलं आणि तिची पोरं अंधारात ठेवलीत. आज एकेक घेऊन जा. पुरले नाहीत तर आईच्या परसातून देते. घरी लावा, पाणी घाला, आकडे बघायचे तर घरी बघा. उन्हात उभं राहायला नको, रुग्णवाहिका अडायला नको."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नुआनची मिठी सैल झाली होती, पण सुटली नव्हती. मी कोयता उचलला खरा, पण खरं सांगते, एकटीने ती कापायची कशी ते मला सुचत नव्हतं. लहानपणापासून एकीने कापायची आणि एकीने धरायची, नाहीतर खांब अंगावर येतो आणि घड आपटतो.

आणि मग तू आलीस. सोमवारचा खाकी गणवेश, खांद्यावर पट्ट्या, केस चापूनचोपून. मला वाटलं आता भाषण. सगळ्यांनाच वाटलं, लोकांनी फोनही वर केले. तू बूट काढलेस, मोजे काढून बुटांत कोंबलेस आणि खड्ड्यात उतरलीस. नुआनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "सरक गं जरा, मला धरू दे. गणितात माझं बघून लिहायचीस, इथे सगळं एकटीच करणार का?" आणि ती हसली, रडता रडता. सरकली.

तू आईच्या केळीला दोन्ही हातांनी कवटाळलंस आणि म्हणालीस, "ताई, काप."

मी कोयता उगारला, तर हळूच विचारतेस काय, "मत मला दिलं होतंस ना?"

"नीट धरतेस की गप्पा मारतेस?"

पहिला घाव घातला आणि केळीचं पाणी तुझ्या गणवेशावर उडालं. ते डाग आता कधी निघणार नाहीत, सांगून ठेवते. आईच्या सगळ्या झग्यांवर होते. दुसऱ्या घावाला ती तुझ्या मिठीत आली, अलगद. तू घड आपटू दिला नाहीस. अजून येतं तुला.

मग मात्र गर्दीला धीर धरवेना. पहिला मुनवा मी नुआनला दिला, तिने नव्या गाडीत पातेल्याशेजारी ठेवला. दुपारी रोलर फिरला.

इथपर्यंत आभार. आता अर्ज.

माननीय नगराध्यक्षा,

बाजाराच्या वेशीतला रस्ता उत्तम झाला आहे. प्लुएंगआजोबा काल त्यावरून काठी न टेकता चालले. परंतु त्याच ठिकाणी नगरपालिकेने कालच एक नवीन फलक उभारला आहे: "नगराध्यक्षांच्या प्रयत्नाने." त्यात आपण रोलरवर हात ठेवून उभ्या आहात. फलक इतका मोठा आहे की वळणावरून येणारी गाडी दिसत नाही. आज सकाळी सुकटवालीची टोपली थोडक्यात वाचली.

सदर फलक वेशीतून काढावा. आपल्या प्रयत्नांबद्दल गावात कुणाला शंका नाही. गणवेशावरचे डाग सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि ते त्या फोटोपेक्षा आपल्याला शोभतात.

उत्तर पेटीने पाठवू नये. रविवारी जेवायला येऊन समक्ष द्यावे. केळफुलाची भाजी आहे, आईसारखी, नारळाच्या दुधातली.

फलकाच्या खांबाची जागा मी बघून आले आहे. तिथली माती मऊ आहे, आणि परसात अजून भरपूर मुनवे आहेत.

अर्जदार आणि ताई,
साम्ली